मराठी शब्द मोजणारी स्क्रिप्ट: फावल्या वेळेतला छोटा प्रकल्प मुलाखतीपर्यंत कसा न्यावा

‘तुम्ही स्वतःहून केलेलं एखादं काम सांगा,’ हा प्रश्न प्रोग्रामरच्या मुलाखतीत हमखास येतो, आणि उत्तरात हमखास कामांच्या यादीचं किंवा हवामान दाखवणारं ॲप येतं. अशा ॲपवर तिसरा प्रश्न विचारला की उमेदवार अडखळतो, कारण शिकवणीतला कोड त्याने जसाच्या तसा उतरवलेला असतो आणि तो करताना स्वतः काही ठरवण्याची वेळ आलेली नसते. असे दहा प्रकल्प बायोडेटावर मांडण्यापेक्षा एकच छोटी स्क्रिप्ट निवडावी आणि तिच्यातल्या सगळ्या अडचणी संपेपर्यंत ती सोडू नये.

इथे निवडलेलं काम ऐकायला अगदी सोपं आहे: मराठी मजकुराच्या फाइली वाचायच्या, त्यातला प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजायचं आणि यादी वर्णमालेच्या क्रमाने एक्सेलमध्ये उघडेल अशी लिहायची. इंग्रजीसाठी हे पंधरा ओळींत होतं. मराठीसाठी तोच कोड चालवला की तो चुकीचं उत्तर देतो, आणि बहुतेकदा चूक झाली आहे हे सांगतही नाही. म्हणूनच हा प्रकल्प शिकायला चांगला आहे. नोकरी सांभाळून रोज पाऊण तास दिला तर साधारण तीन आठवडे लागतात.

सुरुवात कोडने करू नका

आधी मजकूर जमवा. मराठी विकिपीडिया आणि विकिस्रोत यांचा सगळा मजकूर एकगठ्ठा उतरवून घेता येतो. तो पुढे स्वतःच्या रिपॉझिटरीत (कोड आणि फाइली ठेवायच्या प्रकल्पाच्या साठ्यात) ठेवणार असाल तर स्रोताचा उल्लेख करायचा आणि तोच परवाना पुढे चालवायचा, ही अट पाळा. जुनी पुस्तकं वापरायची असतील तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो हे लक्षात ठेवा. पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर टाळलेला बरा. त्यात पहिली वेलांटी अनेकदा भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं तुटतात. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूरही सुरुवातीला नको. तिथे खाली रोमन अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो, त्यामुळे त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो.

मग वीस ओळींची एक नमुना फाइल हाताने तयार करा आणि तिच्यातले शब्द कागदावर स्वतः मोजा. हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून बहुतेक जण ते गाळतात. पण पुढे स्क्रिप्टने ४१२ हा आकडा दिला तर तो बरोबर की चूक हे सांगणारी दुसरी कोणतीही गोष्ट तुमच्याकडे नसते. या नमुन्यात मुद्दाम ‘कऱ्हाड’, ‘ॲप’, ‘क्षत्रिय’, ‘पुणे’, ‘दुःख’ आणि ‘लहान-मोठे’ हे शब्द घाला. का ते पुढे येईलच.

पायथनची ३.१० किंवा नंतरची आवृत्ती, एक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा) आणि पहिल्या दिवसापासून गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), एवढी तयारी पुरे. कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला एकेक बदल, लहान ठेवा आणि संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. मुलाखत घेणारा कधीकधी कमिटचा इतिहास उघडतो, आणि एकाच दिवशी आलेला एकच भला मोठा कमिट पाहिला की त्याचा विश्वास उडतो.

फाइल उघडताना होणारी पहिली फसगत

अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘मराठी’ या शब्दात ५ चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. म्हणजे १५ बाइट झाले. लिनक्स आणि मॅकवर पायथन फाइल यूटीएफ-८ समजूनच उघडतो. विंडोजवर मात्र एन्कोडिंग सांगितलं नाही तर तो यंत्राचं ठरावीक एन्कोडिंग धरतो, आणि बहुतेक यंत्रांवर ते सीपी१२५२ हे रोमन लिपीसाठीचं जुनं एन्कोडिंग असतं. पायथन ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच ठरावीक असणार आहे, पण ऑफिसांमध्ये जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं चालतात.

यात एक गंमत आहे, ती नीट समजून घ्या. सीपी१२५२ मध्ये पाच बाइटांना (इथे ते षोडशमान, म्हणजे हेक्स, पद्धतीत लिहिले आहेत) कोणतंच अक्षर दिलेलं नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. देवनागरीतल्या ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आहे, हलंताचा ८डी, ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९० आणि ‘झ’चा ९डी. त्यामुळे फाइलमध्ये ‘पुणे’ असेल तर स्क्रिप्ट एरर देऊन थांबते, आणि फक्त ‘मराठी’ असेल तर कोणतीही एरर न येता एका चिन्हाच्या जागी तीन निरर्थक चिन्हं वाचली जातात. ‘माझ्या छोट्या फाइलवर चालतं, मोठीवर चालत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. एका अक्षराच्या जागी तीन विचित्र चिन्हं दिसली की यूटीएफ-८ चा मजकूर दुसऱ्याच एन्कोडिंगने वाचला गेला आहे, हे ओळखायला शिका.

उपाय एका शब्दाचा आहे: प्रत्येक वेळी फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहा. वाचताना ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं तर नोटपॅडने फाइलच्या सुरुवातीला ठेवलेली अदृश्य बीओएम खूण आपोआप गळून पडते. ती राहिली तर फाइलचा पहिला शब्द इतर ठिकाणच्या त्याच शब्दाशी जुळत नाही, आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. एरर आली म्हणून ‘इग्नोअर’ हा पर्याय लावू नका. त्याने एरर जाते, पण तिच्याबरोबर मजकूरही गुपचूप जातो.

एकच शब्द, तीन स्पेलिंगं

या स्क्रिप्टमधली सर्वांत मोलाची पायरी हीच आहे, आणि इथे घाई करू नये.

‘कऱ्हाड’मधला अर्धा ऱ (आडवी दांडी असलेला) संगणकात तीन प्रकारे साठवलेला सापडतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह यू+०९३१ (युनिकोड या जागतिक चिन्हयादीतला त्याचा क्रमांक) आणि पुढे हलंत. दोन, साधा ‘र’, त्याच्याखाली नुक्ता (टिंब) आणि मग हलंत. तीन, साधा ‘र’, हलंत आणि पुढे झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य चिन्ह, यू+२००डी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण पायथनच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत. मोजणीत ‘कऱ्हाड’ तीनदा, तीन वेगळ्या आकड्यांसह येतो.

पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच चिन्हाची वेगळी रूपं एकसारखी करण्याच्या पद्धतीने, एक होतात. त्यासाठी पायथनमधलं युनिकोडडेटा हे मॉड्यूल पुरतं. तिसरा मात्र होत नाही, तो तुम्हालाच बदलून घ्यावा लागतो. ‘ॲप’चंही तसंच आहे. ‘ॲ’ हे एक चिन्ह यू+०९७२ आहे, आणि कित्येक कीबोर्ड ‘अ’वर चंद्र देऊन तेच दोन चिन्हांत लिहितात. एनएफसी या दोघांना हात लावत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी एनएफसी. मग ‘अ’ आणि चंद्र यांच्या जागी ‘ॲ’. मग ‘र’, हलंत आणि झेडडब्ल्यूजे या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलंत. आणि अगदी शेवटी, उरलेली झेडडब्ल्यूजे व झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं जोडू न देणारं) ही अदृश्य चिन्हं काढून टाकायची. शेवटची पायरी आधी केली तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातल्या दऱ्या समुद्राला जाऊन मिळतात. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ ही शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकातली जोडी इथे खरोखरच कामाची आहे: एकाला जेवण करायला सांगायचं आहे, दुसऱ्याला नमस्कार करायचा आहे. हे दोन्ही शब्द चाचणीत घालून ठेवा.

शब्द तोडणं

इंटरनेटवरच्या उदाहरणांत शब्द वेगळे करायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातले नमुने शोधण्याच्या भाषेतलं) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ वापरलेलं असतं. पायथनच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ते अक्षरं आणि आकडे ओळखतं, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत यांना शब्दाचा भाग मानत नाही. त्यामुळे ‘मराठी’चे दोन तुकडे होतात, ‘मर’ आणि ‘ठ’. कित्येक जण हा कोड चालवून यादीत वर आलेली एकेरी अक्षरं पाहतात आणि मजकूरच खराब आहे असं समजतात. शब्दाची सीमा दाखवणारं ‘बॅकस्लॅश बी’ही याच कारणाने फसतं.

स्वतःचा पल्ला लिहा. देवनागरीचा युनिकोड विभाग ०९०० ते ०९७एफ असा १२८ जागांचा आहे. त्यातले ०९६४ आणि ०९६५ हे दंड आणि दुहेरी दंड, ०९६६ ते ०९६एफ हे आकडे आणि ०९७० हे संक्षेपचिन्ह वगळायचं. उरलेल्या चिन्हांची सलग रांग म्हणजे शब्द. ‘दुःख’मधला विसर्ग या पल्ल्यात येतो. पण पुष्कळ लोक विसर्गाऐवजी कीबोर्डवरचा साधा कोलन टाइप करतात आणि शब्द मधोमध तुटतो. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये जागा न सोडता कोलन आला तर त्याचा विसर्ग करायचा, एवढा नियम बहुतेक वेळा पुरतो. ‘लहान-मोठे’ हा एक शब्द की दोन, याला ठाम उत्तर नाही. तुम्ही एक ठरवा आणि रीडमीमध्ये (प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) एका ओळीत लिहून ठेवा.

मोजणी, आणि विभक्तीचा मोह

मोजायला पायथनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधला काउंटर वापरा. फाइल एकदम मेमरीत घेऊ नका, ओळीओळीने वाचा. तसं केलं की मेमरी फाइलच्या आकाराने वाढत नाही, वेगवेगळ्या शब्दांच्या संख्येने वाढते. हे वाक्य मुलाखतीत उपयोगी पडतं.

पहिली यादी हाती आली की ‘आहे’, ‘आणि’, ‘व’, ‘या’ सर्वांत वर दिसतील आणि खाली ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातून’ वेगवेगळे. इथे प्रत्यय काढून टाकण्याचा मोह होतो. जरा थांबा. शब्दाच्या शेवटचा ‘ला’ काढायचा नियम लिहिला तर ‘केला’चा ‘के’ आणि ‘गेला’चा ‘गे’ होतो. शेवटचा ‘त’ काढला तर ‘हात’, ‘शेत’ आणि ‘रात’ यांची वाट लागते. शिवाय ‘घराला’मधून ‘ला’ काढल्यावर ‘घरा’ उरतं, ‘घर’ नाही. ‘पाण्याला’मधून ‘पाण्या’ उरतं, आणि त्यापासून ‘पाणी’पर्यंत जायला सामान्यरूपाचे नियम लागतात. करायचंच असेल तर पंधराएक प्रत्ययांचा तक्ता, प्रत्यय काढल्यावर किमान दोन अक्षरं उरलीच पाहिजेत ही अट, आणि अपवादांची वेगळी फाइल, इथवर थांबा. ‘घरा’ हे गटाचं नाव म्हणून चालेल. मूळ शब्द शोधल्याचा दावा करू नका.

क्रम लावताना ‘ळ’ कुठे जातो

पायथनची साधी सॉर्ट युनिकोड क्रमांकांप्रमाणे लावते. तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी बसतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर आहे, आणि त्याच्या पुढे ‘क्ष’ व ‘ज्ञ’. त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये ‘काळ’ आधी येतो आणि ‘कावळा’ नंतर, म्हणजे वर्णमालेच्या उलट.

यासाठी वर्णांना आपला क्रमांक देणारी एक डिक्शनरी करा आणि शब्दाचं रूपांतर अशा क्रमांकांच्या यादीत करणारं फंक्शन सॉर्टला ‘की’ म्हणून द्या. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे प्रत्येकी तीन चिन्हांचे आहेत, म्हणून क्रमांक देण्याआधी त्यांच्या जागी एकेक तात्पुरतं चिन्ह ठेवावं लागतं. ते यूनिकोडच्या खासगी वापराच्या विभागातून घ्या, म्हणजे खऱ्या मजकुराशी टक्कर होणार नाही.

एक्सेलसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) लिहिताना पुन्हा ‘यूटीएफ-८-सिग’. बीओएम नसेल तर डबल क्लिक करून उघडलेल्या एक्सेलमध्ये मराठीचा कचरा दिसू शकतो. विंडोजवर ओळींच्या मध्ये रिकाम्या ओळी येत असतील तर फाइल उघडताना न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्यायची राहिली आहे. आणि टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटलेली दिसली म्हणून कोड बदलू नका. दोष पुष्कळदा टर्मिनलच्या अक्षरं रंगवण्याच्या पद्धतीत असतो, डेटा ठीक असतो.

वर सांगितलेल्या प्रत्येक फसगतीसाठी पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनात एक चाचणी लिहा. दहा-बारा होतील, पुरेत.

नोकरी सांभाळून करताना

ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं गिट खातं आणि ऑफिसची वेळ यांपैकी काहीही या कामाला वापरू नका. नेमणूकपत्रातलं बौद्धिक संपदेचं कलम शांतपणे वाचा. काही करारांत नोकरीच्या काळात केलेलं सगळंच काम कंपनीचं असं लिहिलेलं असतं, काहींत बाहेरच्या कामासाठी लेखी परवानगी मागितलेली असते. शंका असेल तर रिपॉझिटरी सार्वजनिक करण्याआधी ईमेलवर विचारा. पासवर्ड किंवा टोकन चुकून कमिट झालं तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, ते इतिहासात राहतं. लगेच ते रद्द करून नवं घ्या.

दमून घरी आल्यावर पाऊण तासातली पहिली पंधरा मिनिटं ‘काल कुठे होतो’ हे आठवण्यात जातात. उठण्याआधी पुढचं नेमकं पाऊल एका ओळीत लिहून ठेवलं की ती वाचतात. त्याहून चांगलं म्हणजे एक नापास होणारी चाचणी लिहून उठायचं. दुसऱ्या दिवशी ती चालवली की काम जिथल्या तिथे सापडतं.

मुलाखतीत

बायोडेटावर दोन ओळी पुरतात: स्क्रिप्ट काय करते, आणि किती मजकुरावर किती वेळात करते. हा वेळ स्वतःच्या यंत्रावर पाचदा मोजा, मधला आकडा लिहा आणि यंत्र कोणतं तेही सांगा.

‘प्रकल्प सांगा’ म्हटल्यावर दोन मिनिटांत चार गोष्टी सांगा: काय हवं होतं, सरळ उपाय कुठे फसला, कारण कसं शोधलं, आणि काय मुद्दाम सोडून दिलं. चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात. प्रत्यय पूर्णपणे का काढले नाहीत हे नीट सांगणारा उमेदवार मर्यादा ओळखतो, हे समोरच्याला कळतं.

पुढचे प्रश्न बहुधा असे येतात. सर्वांत जास्त वेळा आलेले ५० शब्द कसे काढाल? सगळी यादी सॉर्ट केली तर लागणारं काम एन लॉग एन (एन म्हणजे वेगवेगळ्या शब्दांची संख्या). ५० आकाराचा हीप (सर्वांत लहान घटक वर ठेवणारी रचना) ठेवला तर एन लॉग के (के म्हणजे इथे ५०), आणि काउंटरचं ‘मोस्ट कॉमन’ संख्या दिली की आतून हीपच वापरतं. शब्दांचा कोशच मेमरीत मावला नाही तर? शब्दाच्या हॅशवरून (शब्दापासून काढलेल्या आकड्यावरून) मजकूर समजा ६४ फाइलींत वाटायचा. एक शब्द नेहमी एकाच फाइलीत जातो, म्हणून प्रत्येक फाइल स्वतंत्र मोजून निकाल नुसते एकत्र करता येतात. पायथनची अंगभूत हॅश स्ट्रिंगसाठी दर वेळी प्रोग्रॅम सुरू केला की बदलते, म्हणून हे काम अनेक प्रोसेसमध्ये वाटायचं तर हॅशलिबमधली स्थिर हॅश घ्यावी.

स्ट्रिंग उलटी करा किंवा पॅलिंड्रोम (उलटसुलट सारखंच वाचता येणारं वाक्य) ओळखा, हा प्रश्न नवख्यांना जवळजवळ सगळीकडे विचारतात. इंग्रजीचं उत्तर द्याच, आणि मग विचारा, ‘इनपुट मराठी असू शकतं का?’ ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य जागा काढून १४ चिन्हांचं आहे. चिन्हं उलटी केली तर सुरुवातच कान्याने होते आणि उत्तर ‘पॅलिंड्रोम नाही’ येतं. अक्षरांनी तोडलं, तर रा, मा, ला, भा, ला, मा, रा, आणि उत्तर बरोबर. अक्षरं तोडायचा नियम दहा ओळींत बसतो: चिन्ह जर मात्रा, अनुस्वार, विसर्ग किंवा हलंत असेल, अथवा आधीचं चिन्ह हलंत असेल, तर ते चालू अक्षराला जोडायचं, नाहीतर नवं अक्षर सुरू करायचं. ‘क्षत्रिय’ची ८ चिन्हं या नियमाने क्ष, त्रि, य अशी तीन अक्षरं होतात. युनिकोडच्या स्वतःच्या नियमांतही देवनागरी जोडाक्षरं एकत्र धरण्याची तरतूद १५.१ या २०२३ च्या आवृत्तीत आली, म्हणून जुन्या लायब्ररी ‘क्ष’ तोडतात.

आता ‘चिमा काय कामाची’ घ्या. अक्षरांनी तोडूनही उत्तर ‘नाही’ येतं, कारण एका टोकाला ऱ्हस्व ‘चि’ आहे आणि दुसऱ्या टोकाला दीर्घ ‘ची’. ऐकणारा मराठी माणूस मात्र ‘हो’ म्हणेल. ऱ्हस्व-दीर्घ सारखे धरायचे का, हे कोड लिहिण्याआधी समोरच्याला विचारा आणि त्याच्या उत्तराप्रमाणे तुलनेच्या आधी एक ओळ घाला किंवा घालू नका. फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी लिहून प्रश्न विचारला की मुलाखत घेणाराही बऱ्याचदा खुर्ची पुढे ओढतो.

कोडचा काही भाग एआयकडून लिहून घेतला असेल तर तो तुम्ही ओळीओळीने समजावू शकता का, हे आदल्या रात्री कागदावर तपासा. जी ओळ समजावता येत नाही ती स्वतः पुन्हा लिहा किंवा काढून टाका.